चामडं कमावणाऱ्याच्या चाली: जुन्या अमेरिकन स्तोत्र-गायनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दहा-बारा जणांच्या गटाने वाद्यांशिवाय, चार आवाजांत या चाली म्हणायला सुरुवात केली तेव्हापासून ऐकणारे तेच ते प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. काही उत्तरं लांबली आहेत. ज्यांना फक्त गायचं आहे त्यांनी सरळ शेवटच्या तीन-चार प्रश्नांकडे जावं.

हे नेमकं कुठलं आणि कधीचं संगीत?

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं, म्हणजे न्यू इंग्लंडमधलं: मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, व्हर्माँट, मेन. बहराचा काळ साधारण १७७० ते १८१०. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची इंग्रजी पद्यरूपं आणि त्याच धाटणीची इतर भक्तिगीतं चार आवाजांत म्हणण्यासाठी या चाली बांधल्या गेल्या. बांधणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच पोटापाण्याने संगीतकार नव्हता.

स्तोत्र एक आणि चाल दुसरीच, हे कसं?

मराठी माणसाला हे खरं तर सांगायला नको. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचा मुखडा छापलेला असतो. ओवीची एक चाल बसली की त्या चालीवर शंभर ओव्या म्हणता येतात. इथेही तसंच. इंग्रजी स्तोत्रांचे साचे ठरलेले होते. ८-६-८-६ अक्षरांच्या चार ओळी म्हणजे ‘कॉमन मीटर’, चारही ओळी आठ-आठ अक्षरांच्या म्हणजे ‘लाँग मीटर’, ६-६-८-६ म्हणजे ‘शॉर्ट मीटर’. साचा जुळला की कुठलंही स्तोत्र कुठल्याही चालीवर चालायचं. शब्द बहुतेक वेळा आयझॅक वॉट्स या इंग्रज कवीचे. त्याने १७१९ साली स्तोत्रसंहितेचं मोकळं पद्यरूपांतर छापलं आणि पुढच्या शंभर वर्षांत ते न्यू इंग्लंडच्या घराघरांत गेलं.

मग चालींना गावांची नावं का?

कारण चाल कुठल्याच शब्दांची मालकीची नव्हती. तिला ओळखायला स्वतंत्र नाव हवं होतं. इंग्लंडमध्ये गावांची नावं देण्याची प्रथा होती, ती इकडे आली. म्हणून ‘विंडहॅम’, ‘ग्रिनिच’, ‘लेनॉक्स’, ‘नॉर्थफील्ड’. कधी गाडी लांबही जायची. ‘आफ्रिका’ नावाची एक अत्यंत शांत चाल आहे आणि ‘चायना’ नावाची दुसरी. शब्दांचा त्या खंडाशी किंवा देशाशी काडीचा संबंध नाही. ‘आफ्रिका’ ऐकून आमच्याकडे एकाने ढोल कधी येणार असं विचारलं होतं.

१७७० च्या आधी तिथे लोक गात नव्हते का?

गात होते, पण त्या गाण्यावरून भांडणं होती. इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींत छापलेलं पहिलं पुस्तकच स्तोत्रांचं आहे: केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, १६४०. ‘बे साम बुक’ या नावाने ते ओळखलं जातं. त्यात शब्द होते, स्वरलेखन नव्हतं. १६९८ च्या नवव्या आवृत्तीत पहिल्यांदा १३ चाली छापल्या गेल्या. तोवर चाली कानावरच जगल्या. पुस्तकं कमी, वाचता येणारेही सगळे नाहीत. म्हणून चर्चमधला एकजण एक ओळ सांगायचा आणि मंडळी ती म्हणायची, मग पुढची ओळ. शाळेत पाढे म्हणतात तसं. या पद्धतीत चाली हळूहळू संथ होत गेल्या, प्रत्येकजण आपापल्या हरकती घेऊ लागला आणि एकाच बाकावरच्या दोघांची चाल जुळेना.

१७२० च्या सुमारास काही तरुण धर्मोपदेशकांनी ठरवलं की लोकांना स्वरलेखन वाचायला शिकवायचं. थॉमस सिम्स यांनी त्या बाजूने पुस्तिका लिहिली. १७२१ मध्ये जॉन टफ्ट्स आणि थॉमस वॉल्टर यांची शिकवणीची पुस्तकं आली. टफ्ट्स यांनी तर पाच रेघांवर नोटांच्या ठिपक्यांऐवजी सरळ अक्षरंच ठेवली. जुन्या पद्धतीच्या लोकांना यात पोपच्या, म्हणजे रोमन कॅथलिक पंथाच्या रीतींचा वास आला. गावोगाव तट पडले. वाचून गाणाऱ्यांची बाजू हळूहळू जिंकली. मला मात्र त्या हरलेल्या गाण्याबद्दल कुतूहल आहे: प्रत्येकाने आपल्या गळ्याप्रमाणे वळवलेली तीच चाल, शंभर गळ्यांतून एकदम. सुधारकांना तो गोंगाट वाटला. आपल्याकडे भजनात बसलेल्या माणसाला तसा वाटेलच असं नाही.

‘सिंगिंग स्कूल’ म्हणजे काय?

या सगळ्या संगीताचं मूळ तिथे आहे. फिरता गायनशिक्षक हिवाळ्यात गावात यायचा, शेतीची कामं थंडावलेली असायची. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, संध्याकाळी शाळेत नाहीतर खानावळीच्या मोठ्या खोलीत वर्ग भरायचा. वर्गणी काढून शिक्षकाला पैसे द्यायचे. विद्यार्थी बहुतेक तरुण मुलं-मुली. अंधारात घरी परतताना कोण कोणाबरोबर चालतं हा अभ्यासक्रमाचा अलिखित भाग. बोस्टनच्या विल्यम बिलिंग्जने १७७४ मध्ये स्टॉटन गावी असा वर्ग घेतला. त्यातली लूसी स्वान पुढे त्याची बायको झाली. त्याच गावात १७८६ मध्ये गायनमंडळ स्थापन झालं, ते आजही चालू आहे.

शिकून तयार झालेली ही मुलं रविवारी चर्चच्या सज्जात एकत्र बसू लागली. गायकवृंद असा तयार झाला. त्यांना रोजच्या संथ चालींपेक्षा काहीतरी रंगतदार हवं होतं, आणि शिक्षकाला विकायला नवं पुस्तक हवं होतं. पुढच्या चाली या दोन गरजांतून आल्या.

बिलिंग्ज कोण? सगळे त्याचंच नाव का घेतात?

जन्म बोस्टन, १७४६. धंदा चामडं कमावण्याचा. एक डोळा नाही, एक पाय आखूड, एक हात वाळलेला, तपकिरीचं जबर व्यसन. समकालीनांनी त्याच्या गबाळेपणाबद्दलही लिहून ठेवलं आहे. १७७० मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने ‘द न्यू-इंग्लंड साम-सिंगर’ छापलं. त्यात शंभराहून अधिक रचना, सगळ्या त्याच्या स्वतःच्या. अमेरिकेत एकाच स्थानिक रचनाकाराचं संगीताचं पुस्तक याआधी निघालं नव्हतं. मुखचित्र कोरलं पॉल रिव्हियरने. होय, तोच चांदीकाम करणारा, पुढे स्वातंत्र्ययुद्धातल्या रात्रीच्या घोडदौडीमुळे प्रसिद्ध झालेला.

प्रस्तावनेत हा पोरगा सांगतो की निसर्ग हाच खरा गुरू, नियमांनी कुणी रचना करत नाही, आणि प्रत्येक रचनाकाराने आपलं ताट आपणच वाढून घ्यावं. आठ वर्षांनी, १७७८ च्या ‘द सिंगिंग मास्टर्स असिस्टंट’मध्ये, तो आधीच्या पुस्तकातल्या चुका मोकळेपणाने कबूल करतो आणि जुन्या चाली सुधारून देतो. हे दुसरं पुस्तकच खरं चांगलं. टीकाकार म्हणाले की तुझ्या संगीतात विसंवादी स्वर फारच कमी. तेव्हा त्याने ‘जार्गन’ नावाची छोटी रचना लिहिली, तीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे स्वर एकमेकांना टोचतात. टीकेला दिलेलं इतकं नेमकं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

‘चेस्टर’ ही त्याची चाल स्वातंत्र्ययुद्धात गाजली. १७७८ च्या आवृत्तीत त्याने स्वतःच नवीन कडवी घालून इंग्रज सेनापतींची नावं घेऊन त्यांना हिणवलं आहे. बोस्टनला वेढा पडला होता त्या दिवसांवर त्याने १३७ व्या स्तोत्राचं रूपांतर केलं: बाबेलच्या नद्यांच्या जागी बोस्टनजवळची नदी आणली.

पैसा मात्र टिकला नाही. त्याने विधिमंडळाकडे पुस्तकांच्या हक्काचं संरक्षण मागितलं, ते पदरात पडलं नाही. लोक त्याच्या चाली खुशाल छापत राहिले. उतारवयात त्याने शहराच्या बारीकसारीक नोकऱ्या केल्या, त्यात मोकाट डुकरांवर लक्ष ठेवणंही आलं. १८०० साली गेला. बोस्टन कॉमनच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर खूण नाही.

बाकीचे कोण?

डॅनियल रीड, न्यू हेवन: कंगवे बनवायचा, दुकान चालवायचा. ‘शेरबर्न’ आणि ‘विंडहॅम’ त्याच्या. लुईस एडसन लोहार, ‘लेनॉक्स’ त्याची. टिमथी स्वान टोप्या बनवणारा. ‘चायना’ त्याची, आणि ती न्यू इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं अंत्यविधीला म्हटली जायची. सप्लाय बेल्चर खानावळवाला, त्याला युरोपातल्या थोर संगीतकाराच्या नावावरून ‘मेनचा हँडल’ म्हणत. ऑलिव्हर होल्डन सुतार. आणि व्हर्माँटचा जस्टिन मॉर्गन: त्याच्याकडच्या एका घोड्यापासून निघालेली जात आजही मॉर्गन नावाने ओळखली जाते, त्यामुळे संगीतवाल्यांपेक्षा घोडेवाल्यांना तो जास्त ठाऊक. त्याची ‘अमांडा’ ही छोटीशी, काळीकुट्ट चाल एकदा तरी ऐकाच.

‘फ्युगिंग ट्यून’ म्हणजे बाखसारखा फ्यूग का?

नाही. फ्यूग म्हणजे एकच चाल सगळ्या आवाजांत पाठोपाठ, काटेकोरपणे गुंफणारी युरोपीय रचना. तशी तुलना करून हसणाऱ्यांनी या चालींचं फार नुकसान केलं आहे. रचना साधी आहे. पहिल्या दोन ओळी चारही आवाज एकत्र म्हणतात आणि थांबतात. मग एक आवाज, बहुधा खालचा बेस, एकटाच तिसरी ओळ उचलतो. त्याच्या मागोमाग त्याच्या वरचा टेनर, मग सगळ्यात वरचा ट्रेबल, मग या दोघांमधला काउंटर, तीच ओळ घेऊन एकामागून एक शिरतात. थोडा वेळ चार तोंडांतून चार वेगळे शब्द एकाच वेळी ऐकू येतात. शेवटी सगळे परत एकत्र येऊन टेकतात, आणि हा दुसरा अर्धा भाग पुन्हा म्हटला जातो. प्रत्येक आवाजाची ओळ तंतोतंत तीच असावी असा आग्रह नाही. शिरकाव सारखा असला की झालं.

शब्द कळत नाहीत अशी तक्रार तेव्हाही होती. पण गाणाऱ्याला आपले शब्द कळत असतातच. बेसवाल्याला इतर चालींत कधी काही मिळत नाही. इथे सगळं गाव गप्प आणि सुरुवात त्याची. सज्जात बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या क्षणी काय वाटत असेल ते ‘शेरबर्न’ म्हणताना आमच्या बेसवाल्यांचे चेहरे बघून कळतं.

मुख्य चाल वरच्या आवाजाकडे का नाही?

कारण ती टेनरकडे आहे. चार ओळी वरून खाली अशा: ट्रेबल, काउंटर, टेनर, बेस. ऐकायची सवय असलेला कान वरच्या आवाजाकडे धावतो आणि म्हणतो, चाल सापडत नाही. शिवाय टेनर आणि ट्रेबल या दोन्ही ओळी पुरुष आणि बायका दोघं मिळून, आपापल्या सप्तकात म्हणत. त्यामुळे कागदावर चार आवाज असले तरी कानावर सहा पडतात. ‘सोप्रानो वर, बाकी आधाराला’ अशी मांडणी करून या चाली गायल्या तर त्या बेचव लागतात. हा प्रयोग आम्ही केला आहे.

हार्मनी पोकळ, कच्ची वाटते. चूक आहे का?

यावर मी थोडा तावातावाने बोलतो, सांभाळून घ्या.

रचनाकार आधी टेनर लिहायचा, मग त्याला जुळणारा बेस, मग ट्रेबल आणि सगळ्यात शेवटी काउंटर. म्हणजे आधी स्वरगुच्छ ठरवून तो चौघांना वाटून दिला असं होत नसे. ओळीवर ओळ रचली जायची. बिलिंग्ज लिहितो की प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल राहिली पाहिजे आणि तरी चौघे जुळले पाहिजेत, खरी अवघड गोष्ट तीच. शेवटी येणाऱ्या काउंटरला अर्थातच उरलंसुरलं मिळतं; त्या ओळीत कधी कधी एकच स्वर चार-पाचदा येतो. काउंटर म्हणणाऱ्यांनी संयम ठेवावा.

या पद्धतीमुळे दोन गोष्टी घडतात. एक, दोन आवाज पंचमाच्या अंतराने समांतर चालत जातात. युरोपातल्या पाठ्यपुस्तकांत याला सक्त मनाई. दोन, ओळीच्या शेवटी गंधार नसलेला नुसता सा आणि प उरतो. संगीताच्या शाळेत शिकलेल्याला हा अर्धवट सोडलेला स्वरगुच्छ वाटतो. पण ज्याच्या कानाला तानपुरा लागलेला आहे त्याने सांगावं, नुसत्या सा-प मध्ये काय कमी असतं? तिथे गंधार न म्हणताही ऐकू येतो. पंचम नीट लागला की खोली वाजते, आणि हे संगीत त्या वाजण्यावर बेतलेलं आहे. पियानोवर वाजवून बघितलं तर खरंच पोकळ लागतं, कारण पियानोचा पंचम थोडा उतरलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात अनेकांनी या चाली ‘दुरुस्त’ करून छापल्या, गंधार भरले, समांतर पंचम काढले. अशी प्रत हाती आली तर बाजूला ठेवा.

साथीला काहीच का नाही?

प्युरिटन, म्हणजे न्यू इंग्लंड वसवणाऱ्या कडक प्रोटेस्टंटांच्या, परंपरेला चर्चमध्ये वाद्य नको होतं. १७१३ साली थॉमस ब्रॅटल नावाच्या बोस्टनच्या गृहस्थाने मृत्युपत्रात आपला ऑर्गन आपल्या चर्चला ठेवला. चर्चने तो नाकारला; शेवटी तो अँग्लिकन पंथाच्या किंग्ज चॅपलमध्ये गेला. शतकाच्या अखेरीस बेसला आधार म्हणून काही गावांत चेलोसारखं मोठं तंतुवाद्य आलं, तेव्हाही कुरबुरी झाल्याच. पट्टी द्यायला पिचपाइप असायचा.

त्रिकोणी, चौकोनी नोटांचं काय प्रकरण आहे?

ही युक्ती सरगम येणाऱ्याला पाच मिनिटांत कळते. तिथे सप्तकाला सात नावं नव्हती, चारच होती: फा, सोल, ला, मी. सा-रे-ग ला फा-सोल-ला म्हणायचं, म-प-ध लाही पुन्हा फा-सोल-ला, आणि नी ला मी. का? सा-रे-ग मधली अंतरं आणि म-प-ध मधली अंतरं सारखीच आहेत म्हणून. १८०१ च्या ‘दी ईझी इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकात विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ यांनी या चार नावांना चार आकार दिले: फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी हिऱ्यासारखा चौकट. आता पट्टी कुठलीही असो, आकार बघून नाव कळतं. आजही या परंपरेत शब्दांआधी एकदा पूर्ण चाल फा-सोल-ला करून म्हणतात. आपण बंदिशीची सरगम आधी घोकतो तसंच.

हे सगळं लोप का पावलं?

जिथे जन्मलं तिथे लोप पावलं. १७९० नंतर शिकलेल्या लोकांना युरोपीय पद्धतीचं, सभ्य आणि गुळगुळीत संगीत हवंसं झालं. फ्युगिंग चाली अडाणी ठरल्या. अँड्र्यू लॉ हा त्या सुधारकांतला एक ठळक माणूस. पुढे लोवेल मेसन या संगीतशिक्षकाने बोस्टनच्या शाळांपर्यंत नवं वळण नेलं. पण आकारांच्या नोटांची पुस्तकं तोवर दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे गेली होती. जॉर्जियातल्या बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग यांनी १८४४ मध्ये ‘द सेक्रेड हार्प’ काढलं आणि त्यात बिलिंग्ज, रीड, एडसन सगळे आले. ते पुस्तक आजही वापरात आहे. चार आवाज चार बाजूंना, चौकोनात, एकमेकांकडे तोंड करून बसतात. मधे उभा राहून एकजण हात खालीवर करतो. श्रोत्यांसाठी खुर्चीच नसते.

मराठीशी याचा काही संबंध?

थेट चालींचा फार नाही, माणसांचा आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या याच चर्च-परंपरेने पाठवलेले होते. पुढे अहमदनगरला मोठं झालेलं मराठी मिशन त्यांच्यापासून सुरू होतं. नंतर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग आणि ओवीत आणली, आणि मराठी चर्चचं गाणं आपल्या वळणाने गेलं.

मग या चाली मराठी शब्दांवर म्हणता येतील का?

अक्षरं मोजून बसवता येतात, पण कानाला बसत नाहीत. इंग्रजी ओळ आघातावर चालते: एक हलकं, एक जड. मराठीत तसा आघात नाही, ऱ्हस्वदीर्घाचा तोल आहे. चालीचा जड ठोका मराठीतल्या ऱ्हस्व अक्षरावर पडला की शब्द मोडतो. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही कागद फाडले. मूळ शब्दच म्हणा, अर्थ आधी वाचून दाखवा.

नवीन गटाने कुठून सुरुवात करावी?

‘आफ्रिका’ने. चौघे सतत एकत्र, घाई नाही, आणि पंचम ऐकायला शिकवते. मग ‘व्हेन जीझस वेप्ट’ हा बिलिंग्जचा चौघांचा फेरा, कारण त्यात एकच ओळ सगळ्यांनी शिकायची असते. तिसरी ‘विंडहॅम’. फ्युगिंग चाल त्यानंतर: ‘लेनॉक्स’ किंवा ‘शेरबर्न’. ‘नॉर्थफील्ड’ सोपी दिसते, पण शिरकाव झटपट आहेत. ती थांबू द्या.

म्हणताना काय सांभाळावं?

आवाज सरळ ठेवा, कंप नको. आवाज मोकळा, उघडा हवा. चर्चमधला कुजबुजता नम्रपणा इथे चालत नाही. बेस भक्कम हवा, बिलिंग्जचाही तोच आग्रह होता. कागदावरची पट्टी पवित्र मानू नका, गळ्यांना झेपेल तिथे सा धरा. आणि लय ओढू नका. तेव्हाच्या पुस्तकांत दोऱ्याला वजन टांगून लंबक करायला सांगत, किती इंच दोरा म्हणजे किती लय ते छापलेलं असे. एकोणचाळीस इंचांचा दोरा साधारण सेकंदाला एक झोका देतो. आम्ही एका तालमीला चावी बांधून हे करून बघितलं. पहिल्या कडव्यातच कळलं की आम्ही महिनाभर ‘शेरबर्न’ निम्म्या लयीत म्हणत होतो.

स्वरलेखन कुठे मिळेल?

बिलिंग्जच्या समग्र रचना १९७७ ते १९९० या काळात चार खंडांत संपादित होऊन निघाल्या, पण ते खंड मोठ्या ग्रंथालयांतच सापडतात. या रचनांवरचा मूळ हक्क कधीच संपला आहे, त्यामुळे ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’वर बऱ्याच चाली फुकट उतरवून घेता येतात. छापताना टेनरची ओळ खालून दुसरी आहे ना, तेवढं बघून घ्या.